कोरडा हात

मे महिन्यातल्या एका शनिवारी, भर दुपारी पावणेतीनला, आमच्या बेलठाणच्या चर्चच्या पंच कमिटीतल्या तीन सभासदांचा बाप्तिस्मा झाला. तिघंही पन्नाशीच्या पुढचे. एक हायस्कूलचे हेडमास्तर, एक रिटायर्ड कंपाउंडर आणि एक महिला मंडळाच्या अध्यक्षा.

असं काही घडलेलं नाही. तसा ठरावच आहे. ठराव क्रमांक चार, सर्वानुमते, आणि तो माझ्याच अक्षरात आहे. तेव्हा जे घडलंच नाही ते आता दहा वर्षांनी, इतिवृत्तात लिहितात तसं, क्रमवार सांगतो.

"सुरुवात प्रार्थनेनं करायची, की आधी बर्फाचं बघायचं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. पाळकसाहेब थोरात नवीन होते, तिशीचे, कुणी जोरात बोललं की आधी माफी मागायचे आणि मग काय झालं ते विचारायचे. सेक्रेटरी वाघचौरे मास्तर टेबलाच्या मधोमध बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला साळवे कंपाउंडर, ज्यांना सगळं गाव नथूभाऊ म्हणायचं, आणि डाव्या हाताला मार्थाबाई. मी कोपऱ्यात. मी बी.ए. होतो आणि अक्षर चांगलं होतं, त्यामुळे दुसरी नोकरी मिळेपर्यंत कमिटीचं इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं.

खोलीच्या मागच्या दाराबाहेर ओट्यावर, बर्फाच्या दोन लाद्यांवर हौसामावशी निजलेली होती. पहाटे गेली होती. विषय क्रमांक एक तीच होती.

"बर्फाला काय बघायचंय?" मास्तर म्हणाले.

"वितळतोय. ओटा ओला झालाय."

"घमेलं लावलंय मी खाली," नथूभाऊ म्हणाले. "परवाच रंग दिलाय ओट्याला."

हौसाबाई गोडगे. आमचं चर्च तिने तीस वर्षं झाडलं. बाकं पुसली, घंटा वाजवली, बाप्तिस्म्याचं पितळी भांडं चिंचेनं घासून लखलखीत केलं आणि दर बाप्तिस्म्याला त्यात पाणी भरलं. माझ्याही बाप्तिस्म्याचं पाणी तिनंच भरलं होतं. रविवारी शेवटच्या बाकावर बसायची, गीतं सगळी पाठ, आणि प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी आली की हात मांडीखाली घालून बसायची. कारण तिचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

तिची लेक मात्र आमच्या कब्रस्तानात होती. रूथ. नऊ वर्षांची असताना विषमज्वरानं गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्या वेळच्या पाळकांनी खाटेवरच, चमच्यातल्या पाण्यानं तिचा बाप्तिस्मा केला, आणि मग तिला आत जागा मिळाली. तिसऱ्या रांगेत, बोरीखाली.

जायच्या आधी दोन दिवस मावशी मला म्हणाली होती, "शमू, मला रूथीच्या बाजूला ठिवा. कुशीला. पायाशी नगं बरं का, ती झोपंत लाथा मारायची."

मी म्हणालो होतो, "मी बघतो मावशी." माझ्या शब्दाला गावात किती किंमत आहे हे तिला माहीत होतं, तरी ती निवांत झाली.

म्हणून मी बघत होतो.

"नियम साधा आहे," मास्तरांनी चष्मा लावला. "कब्रस्तानात जागा फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना. पाण्यावाचून तारण नाही. प्रभूनं रात्री भेटायला आलेल्या त्या शास्त्र्याला स्पष्ट सांगितलंय, पाण्यानं जन्म झाला पाहिजे म्हणून. हे काही मी बनवलेलं नाही."

"पण तिच्या पुतण्यानं न्यायला नकार दिला," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

पुतण्या अकरा वाजता मोटरसायकलवर आला होता. खाली उतरलाही नव्हता. "तीस वर्सं तुमचा झाडू मारला तिनं," तो म्हणाला, "आता तुमीच बघा. आमच्यात न्येली तर लोक इचारत्यात." आणि गाडीचा कान पिळून गेला.

"मास्तर," मी म्हणालो, "आज सकाळी माझ्या आईनं मावशीला आंघोळ घातली. दोन बादल्या. ती धरता येणार नाही का?"

मास्तरांनी मार्थाबाईंकडे बघितलं. बायकांच्या आंघोळीचा विषय त्यांच्या खात्यातला.

"नावानं घातली का?" मार्थाबाईंनी विचारलं. "पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या?"

"आई म्हणाली, बिचारीचे हात किती खरबरीत झालेत."

"मग नाही."

मी लिहिलं: आंघोळ ग्राह्य धरता येत नाही.

"वधस्तंभावरच्या चोराचं काय?" पाळकसाहेबांनी विचारलं. सेमिनरीत शिकलेलं बिचाऱ्यांना आठवलं असावं. "त्याचा बाप्तिस्मा कुठं झाला होता? तरी प्रभू म्हणाला, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील."

हा प्रश्न बरोबर होता. त्यामुळे मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"आधी झालेला नसेल कशावरून?" नथूभाऊ म्हणाले.

"चोऱ्या करायच्या आधी?"

"बाप्तिस्मा झालेले चोर नसतात का?"

यावर सगळ्यांनी, का कोण जाणे, माझ्याकडे बघितलं.

"तसं नाही ते," मास्तर म्हणाले. शाळेत फळ्यावर कर्कटक लावताना लागायचा तो आवाज त्यांनी लावला. "प्रभूच्या कुशीत भाला खुपसला तेव्हा काय निघालं? रक्त आणि पाणी. पाणी! आणि चोर कुठं होता? शेजारी."

"म्हणजे त्याच्यावर शिंतोडे उडाले?" मार्थाबाई पुढं सरकल्या.

"उडाले असणारच."

"दोन खांबांत अंतर किती असेल?"

"सात-आठ फूट."

"सात-आठ फुटांवर शिंतोडा जातो का हो, नथूभाऊ?"

नथूभाऊंनी चाळीस वर्षं इंजेक्शनं दिली होती, त्यामुळे ते तज्ज्ञ ठरले. त्यांनी डोळे मिटून अंदाज घेतला. "वारा असला तर जातो," ते म्हणाले. "पण वारा त्याच्या बाजूचा पाहिजे."

"चोर उजवीकडचा की डावीकडचा?"

"ते लिहिलेलं नाही."

मी लिहिलं: वाऱ्याची दिशा निश्चित न झाल्यामुळे चोराचा विषय तहकूब.

बाहेर लाद्यांवरून घमेल्यात थेंब पडत होते. टप. थोड्या वेळानं टप. समोरच्या अंगणात लिंबाखाली मंडळीतले पंधरा-वीस लोक बसले होते. काय ठरतंय याची वाट बघत त्यांनी पाळकसाहेबांच्या घरचा माठ केव्हाच संपवला होता. नळाला पाणी पाच दिवसांनी यायचं आणि आज तिसरा दिवस होता.

"तिनं कधी मागितलाच नाही ना बाप्तिस्मा," मार्थाबाई म्हणाल्या. "मागितला असता तर आपण नाही म्हटलं असतं का?"

मी या वाक्याची वाटच बघत होतो. सकाळपासून मी जुनी इतिवृत्तं काढून बसलो होतो.

"तीनदा मागितला," मी म्हणालो. "वाचू?"

"थोडक्यात," मास्तर म्हणाले.

थोडक्यात असं होतं. पहिल्यांदा तिची परीक्षा घेतली. दहा आज्ञांपैकी सात आल्या. उरलेल्या तीन का येत नाहीत विचारल्यावर ती म्हणाली, सात पाळते, तीन मोडायची कधी येळच आली न्हाई. नापास. दुसऱ्यांदा कमिटीनं नवऱ्याची लेखी संमती मागितली. नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. प्रकरण प्रलंबित. तिसऱ्यांदा, मागच्याच वर्षी, असं ठरलं की एकटीसाठी विधी ठेवणं बरं दिसत नाही, अजून चारजण जमू द्यावेत. त्या चारजणांची वाट बघत बघत ती गेली.

"यात आपली काही चूक दिसत नाही," मास्तर म्हणाले. "प्रत्येक वेळी कार्यवाही झालेली आहे."

"मास्तर, बाई मेलीय बाहेर," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतो, भावनेत वाहून जाऊ नये. शमू, तू असं कर, बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढ. कोऱ्या मनानं बघू. तिचं नाव कुठं निघालं तर मी स्वतः खड्डा खणीन."

कपाटातून रजिस्टर काढलं. मोठं, काळ्या पुठ्ठ्याचं, कडांना वाळवी लागलेलं. मावशी गावात आली त्याच्या आधीपासूनची पानं चाळत गेलो. तिचं नाव नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. पण एका पानावर हात थांबला, कारण त्यावर ओळखीची नावं होती.

"सापडलं?" मास्तरांनी विचारलं.

"हिचं नाही. तुमचं सापडलं."

"माझं असणारच. आमच्या घरचे दुष्काळात आले मंडळीत. नथूभाऊंचेही. मार्थाबाईंचेही. एकाच दिवशी. वाच की, काय हरकत आहे."

मी वाचलं. "ता. १३ मे १९७३, रविवार. एकोणतीस जणांस मंडळीत घेतले. विहीर आटून पाच दिवस झाले. टँकर येणार होता, आला नाही. लोक लांबून आलेले, परत पाठवणे प्रशस्त वाटेना. सबब पाण्यावाचून, मस्तकावर केवळ कोरडा हात ठेवून विधी उरकला. पाऊस पडताच पाणी लावून पूर्ण करावा. सही, रेव्ह. शिनगारे."

मी पुढचं पान उलटलं. त्याच्या पुढचं उलटलं. पाऊस जुलैत पडला असावा. शिनगारेसाहेबांची बदली जूनमध्येच सोलापूरला झाली होती. पूर्ण केल्याची नोंद कुठंच नव्हती.

मी रजिस्टर तिघांकडे फिरवलं.

"मला तेव्हाच वाटलं होतं," मार्थाबाई पुटपुटल्या. अकरा वर्षांची मुलगी बोलावी तसा आवाज. "साहेबांचा हात किती गरम लागला होता डोक्याला."

"मला घाम आला होता," नथूभाऊ घाईनं म्हणाले. "चांगला आठवतो. कपाळावरून खाली आला. तो धरता येईल का?"

"घाम तुमचा होता की शिनगारेसाहेबांचा?" पाळकसाहेबांनी विचारलं. त्यांनी ते गंभीरपणे विचारलं, हे मी मुद्दाम नोंदवतो.

"मिसळला असेल."

 मास्तर बोटांवर काहीतरी मोजत होते. पंच होण्यासाठी बाप्तिस्मा लागतो. मिशनच्या शाळेत हेडमास्तर होण्यासाठी लागतो. चर्चमध्ये लग्न लावायला लागतो. तीन मुलं झाली होती त्या लग्नाला.

आणि मला, खरं सांगतो, त्या क्षणी आनंद झाला. मला वाटलं, झालं काम. सुटली मावशी. आता या तिघांना कळेल की पाणी न लागताही माणूस चाळीस वर्षं प्रार्थना करू शकतो, गाऊ शकतो, देवाच्या घरात म्हातारा होऊ शकतो. कोरडे तुम्ही आणि कोरडी ती. एकाच बाकावरची माणसं. आता कोण कुणाला बाहेर ठेवणार?

मी तसं म्हणालोही. "मग काय मास्तर, तुम्ही तिघं आणि मावशी एकाच यादीत."

मास्तरांनी मान वर केली.

"शमू," ते म्हणाले, "पुढच्या दाराला कडी लाव."

मी लावली. अजूनही मला वाटत होतं की ते रडणार असतील आणि कुणी बघू नये म्हणून दार लावायला सांगतायत.

"पाळकसाहेब, तयारी करा. तिघांचा आताच्या आता उरकून घ्या."

"आता?" पाळकसाहेब म्हणाले. "माफ करा, पण उद्या उपासनेत, सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोर?" मार्थाबाई केवढ्यानं तरी ओरडल्या. "माझे व्याही येतात उद्या उपासनेला!"

"पण पाणी?"

पितळी भांडं आलं. कोरडं ठणठणीत. ड्रम उघडला. मावशीनं परवा स्वतः भरून ठेवलेला ड्रम आईनं सकाळी तिच्याच आंघोळीला संपवला होता. माठ रिकामा. बाहेर जाऊन कुणाकडं तांब्याभर पाणी मागायचं, तर लोक विचारणार कशाला, आणि तीन पंच एकदम बेशुद्ध पडले असं काही सांगता येत नव्हतं.

टप, बाहेर वाजलं.

सगळ्यांत आधी नथूभाऊंनी तिकडं मान वळवली. मग मार्थाबाईंनी. मास्तरांनी सगळ्यांत शेवटी, आणि लगेच परत फिरवली.

"नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"बर्फाचंच आहे," नथूभाऊ म्हणाले. "कारखान्यात फिल्टरचं वापरतात."

"पण ते तिच्या अंगाखालून आलंय हो," मार्थाबाईंनी पदर नाकाला लावला.

"वरचं वरचं घ्या," मास्तर म्हणाले. "गाळ खाली बसतो. शमू, घमेलं आण."

इथं मी काय केलं ते सांगायला हवं. मी नाही म्हणू शकलो असतो. मी बावीस वर्षांचा होतो, धडधाकट होतो, दार माझ्याच पाठीशी होतं. मी बाहेर गेलो. मावशीचा चेहरा आईनं पांढऱ्या ओढणीत बांधला होता. तिच्या टाचा लादीच्या कडेला आल्या होत्या, भेगाळलेल्या, आणि पाणी त्या भेगांतूनच ओघळून घमेल्यात पडत होतं. मी घमेलं उचललं आणि आत आणलं. पाण्यावर मोगऱ्याचं एक फूल तरंगत होतं आणि एक लांब पांढरा केस.

पाळकसाहेबांनी बोटानं केस काढला. कुठं ठेवावा त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो पँटला पुसला.

"शमू, जरा वर धर," ते म्हणाले. 

मी वर धरलं.

सीमोन नथू साळवे. मार्था काशीनाथ पारखे. दानिएल लक्ष्मण वाघचौरे. तीनदा तीन ओंजळी. नथूभाऊंनी डोळे गच्च मिटले होते, मोतीबिंदूचे थेंब घालताना मिटावेत तसे. मार्थाबाईंच्या ओठापर्यंत ओघळ आला आणि त्यांनी तो, नकळतच असेल, चाटला. मास्तरांनी मान खाली घातली तेव्हा त्यांच्या टकलावरून पाणी कानामागं गेलं आणि कॉलर भिजली. पाळकसाहेबांनी म्हणायचं ते सगळं म्हटलं, एकही शब्द गाळला नाही. तिघांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडूनही निघालं, सवयीनं.

उरलेलं पाणी मास्तरांच्या सांगण्यावरून मी मोरीत ओतलं.

"मन कसं हलकं झालं," मार्थाबाई पदरानं चेहरा पुसत म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच तेज आलं होतं. "गार वाटलं जिवाला."

"लिही," मास्तर मला म्हणाले. "ठराव चार. बैठकीच्या दरम्यान कोणताही विधी झाला नाही. सर्वानुमते." मग त्यांनी रुमालानं डोकं कोरडं केलं, खुर्ची पुढं ओढली, चष्मा लावला. "हं. आता विषय क्रमांक एक. हौसाबाई."

मला वाटलं, आता. आता तरी.

"नियमाप्रमाणं नाही देता येत जागा," नथूभाऊ म्हणाले. "मघाशी बोलायला जरा संकोच वाटत होता. पण आता आपण अधिकारानं बोलू शकतो."

मार्थाबाईंनी मान डोलावली.

"नथूभाऊ," मी म्हणालो, "तुमचं डोकं अजून ओलं आहे. कुणाच्या पाण्यानं ओलं आहे?"

"कोणाच्या म्हणजे?" मास्तर म्हणाले. "ठराव चार काय सांगतो?"

मी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते आपली बोटं बघत होते, ओली बोटं, शरीरापासून लांब धरलेली. मग ते म्हणाले, "कुंपणाला लागून ठेवू या का? बाहेरच्या बाजूनं? प्रार्थना मी करीन. झगा न घालता."

ही त्यांनी आयुष्यात केलेली सगळ्यात धाडसी सूचना असावी. ती दोन दुरुस्त्यांसह मंजूर झाली. प्रार्थना लांबवू नये, आणि क्रूस लावू नये.

पाच वाजता आम्ही तिला कुंपणाच्या बाहेर पुरलं, बाभळीत, जिथं लोक म्हशी बांधतात. माती टाकायला सगळी मंडळी होती. मार्थाबाईंनी गीत सुरू केलं, वरच्या पट्टीत, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांना खरोखर रडू आलं. मास्तरांनी स्वतः दोन फावडी माती ओढली. मी कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारून आत गेलो आणि रूथपासून भिंतीपर्यंत चालत आलो. एकवीस पावलं. त्यानंतर भिंत. भिंतीपलीकडे आई.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाची थाळी घेऊन नथूभाऊ माझ्या बाकाशी आले. त्यांच्या अंगठ्याचं नख थाळीच्या काठावर होतं. मी हात मांडीखाली घातले. थाळी न घेताच मी उठलो आणि पळत बाहेर लिंबाखाली गेलो. मार्थाबाईंनी नंतर आईला सांगितलं, पोराला ऊन लागलंय, कांद्याचा रस लावा.

इतिवृत्त लिहायचं मी सोडलं. पुण्यात नोकरी लागली. पण दर वर्षी मे महिन्यात बेलठाणला येतो आणि कमिटीकडं एक अर्ज देतो. मास्तर अजून सेक्रेटरी आहेत. अर्ज घेतात, चष्मा लावून सगळा वाचतात, पोच देतात. यंदाचा अर्ज असा:

प्रति, मा. सेक्रेटरी, पंच कमिटी, बेलठाण.

विषय: बाप्तिस्मा दुसऱ्याच्या नावे वर्ग करून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी, शमुवेल यशवंत आढाव, माझा बाप्तिस्मा वयाच्या चाळीसाव्या दिवशी, मी झोपेत असताना झालेला आहे. पाणी विधिपूर्वक लावल्याची नोंद रजिस्टरात आहे. सदर बाप्तिस्म्याचा मी आजवर काहीही विशेष वापर केलेला नाही. तरी तो आहे त्या स्थितीत कै. हौसाबाई गोडगे यांच्या नावे कायमस्वरूपी वर्ग करण्यात यावा, त्यांना तिसऱ्या रांगेत त्यांच्या मुलीच्या कुशीला जागा देण्यात यावी, आणि त्यामुळे कुंपणाबाहेर रिकामी होणारी जागा अर्जदाराच्या नावे राखून ठेवण्यात यावी. याबाबत माझ्या वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही.

मुलीच्या पायाशी देऊ नये, ही विनंती.

कळावे, आपला विश्वासू.